धारवाडहून परतल्यावर

काही गावांच्या वाट्याला, त्यांचा काहीएक अपराध नसताना, चमत्कारिक कीर्ती येते. ठाणे हे तलावांचे शहर. येरवड्याच्या तुरुंगाला तर आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मानाचे पान आहे. परंतु कोणी जरा विसंगत बोलू लागला की आपल्या तोंडून सहज निघून जाते, ‘याला ठाण्याला पाठवा,’ किंवा ‘याची जागा येरवड्याला.’ उत्तर कर्नाटकात हा मान धारवाडकडे गेलेला आहे. ज्या धारवाडात घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नड काव्य लिहिले, जेथे जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि मराठी कथा लिहीत, आणि जेथला पेढा सर्वांनाच ठाऊक आहे, त्या गावाचे नाव घेताच ऐकणाऱ्याच्या ओठांवर कधीकधी एक निराळेच हसू उमटते. कारण तेथे ‘वेड्यांचे इस्पितळ’ आहे.

श्रोतेहो, या थट्टेत बोलणाऱ्याचे काही जात नाही. परंतु एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने त्या इस्पितळात खरोखरच काही आठवडे काढलेले असतात. बरे वाटून ते मूल घरी येते आणि ही थट्टा त्याच्या कानांवर पडते. तेव्हा त्याला कळून चुकते, की आजार ओसरला तरी त्या गावाचे नाव आपल्याला चिकटले ते चिकटलेच. आज मला या मुलांविषयी बोलावयाचे आहे. ती इस्पितळात जातात म्हणजे नेमकी कोठे जातात, तेथे त्यांच्यावर काय गुजरते, आणि परत आल्यानंतर त्यांचे बरे होणे कशावर अवलंबून राहते, हा आजचा विषय.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर धरू. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात कुंभारवाडा नावाचे गाव आहे. जोयड्याहून अणशीचा घाट उतरून कारवारकडे जाताना, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यात ते लागते. भोवतालच्या वस्त्यांतून कुणबी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. तो भात पिकवतो आणि नाना जातींचे कंद लावतो. घरात कोंकणी आणि मराठी, कचेरीत कन्नड, असा येथील भाषांचा व्यवहार. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. आज त्याच्या अवतीभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे राखीव रान आहे. येथून मोठ्या मनोरुग्णालयात जावयाचे म्हणजे जोयडा, दांडेली, हल्याळ असे टप्पे घेत धारवाड गाठावयाचे. घाट उतरले तर जिल्ह्याचे ठिकाण कारवार, आणि त्यापलीकडे गोव्यात बांबोळीचे मनोरुग्णालय. कोणत्याही वाटेने गेले तरी दिवस मोडतो.

समजा, या गावातला एक मुलगा बारावीच्या वर्गात आहे. हा मुलगा माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखी खरी मुले गावोगाव आहेत. तो रात्री झोपेनासा होतो. अभ्यास करावयास बसतो आणि पुस्तकाचे एकच पान तासभर उघडे ठेवतो. शाळेतले सोबती आपल्याविषयीच कुजबुजतात अशी त्याची खात्री होते. पुढे कोणी समोर नसता आवाज ऐकू येऊ लागतात. ते त्याची निंदा करतात, त्याला हुकूम सोडतात. एके दिवशी तो आईच्या हातची भाकरी दूर सारतो, कारण तीत काही घातले आहे असे त्याला वाटते. आईच्या काळजावर त्या क्षणी काय घाव बसत असेल त्याची कल्पनाच केलेली बरी.

हे वय आजाराने सहज निवडलेले नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष असा, की ज्या मनोविकारांनी माणसे आयुष्यात कधी ना कधी पछाडली जातात त्यांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षाच्या आत झालेली असते. आपल्याकडे २०१५-१६ साली बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत १३ ते १७ या वयातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला, म्हणजे साधारणपणे चौदा मुलांत एक. यातील बहुतेकांना इस्पितळात राहण्याची गरज पडत नाही; बोलण्याने, सल्ल्याने, बाह्यरुग्ण विभागातील उपचाराने त्यांचे भागते. थोड्यांनाच दाखल व्हावे लागते. आपल्या कल्पनेतला मुलगा त्या थोड्यांपैकी आहे. त्याच्या आजाराला वैद्यक ‘सायकोसिस’ म्हणते, आणि तो लांबला तर कदाचित ‘स्किझोफ्रेनिया’ अथवा छिन्नमनस्कता म्हणेल.

घरची माणसे प्रथम काय करतात? देवाला कौल लावतात, घाड्याकडे जातात, अंगारा आणतात. शहरी माणूस यावर हसतो. मला ते हसणे पटत नाही. ज्या गावापासून डॉक्टर एका दिवसाच्या अंतरावर आणि देऊळ हाकेच्या अंतरावर, त्या गावाने आधी देवळात जावे हे स्वाभाविकच होय. गाऱ्हाणे घातल्याने घरच्यांच्या मनाला आधार मिळतो, हेही खरे. हानी होते ती वेळेची. उपचाराविना जितके महिने जातात तितके पुढील बरे होणे मंद आणि अपुरे होते, असे अनेक देशांतील अनुभवांवरून दिसून आले आहे. देवाला गाऱ्हाणे घालून दुसऱ्याच दिवशी जोयड्याची बस धरली तर कोणता देव रागावणार आहे? रागावण्यासारखे काही असेल तर ते म्हणजे साखळदंड. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना बांधून ठेवणारी आश्रयस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतील एकाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जीव गेले. त्यानंतर तरी या देशात कोणा आजारी मुलाच्या पायात साखळी पडू नये, असे वाटते.

आता धारवाडच्या इस्पितळाकडे वळू. त्याचा आरंभ १८४५ सालचा, इंग्रजी अमदानीतला. त्या काळी अशा संस्थेस उघडपणे वेड्यांचे आश्रयस्थान म्हणत, आणि तिचा हेतू रोग्याला बरे करण्यापेक्षा समाजाला त्याचा उपद्रव होऊ नये हा अधिक असे. १८५८ आणि १९१२ या दोन्ही कायद्यांत तीच दृष्टी होती. दाखल करण्याच्या बाबतीत वैद्याइतकाच दंडाधिकाऱ्याचा शब्द चाले. १९५२ साली पॅरिसमध्ये झां दले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांवर वापरून पाहिले आणि सगळ्या जगातील मनोरुग्णालयांचे रूप पालटू लागले. जेथे माणसे वर्षानुवर्षे राहत तेथून ती काही आठवड्यांत घरी जाऊ लागली. धारवाडचे जुने आश्रयस्थानही आज मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची शिक्षणसंस्था झाले आहे. लोक तिला ‘डिमहान्स’ म्हणतात. तेथे डॉक्टर घडतात, बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि बहुसंख्य लोक तेथे येतात ते त्याच दिवशी औषध घेऊन परत जाण्यासाठी.

मुलगा दाखल झाला म्हणजे काय होते? प्रथम डॉक्टर घरच्यांकडून सगळी हकीकत विचारून घेतात : झोप, भूक, शाळा, घराण्यातील आजार, गांजा किंवा दारू. रक्ताची तपासणी होते, कारण ग्रंथींचे विकार, मेंदूचा ताप किंवा एखादी नशा यांनीही माणूस असाच बरळू शकतो. मग औषध सुरू होते. येथे एक गोष्ट घरच्यांना आणि मुलाला आधीच सांगून ठेवावयास हवी, आणि गर्दीच्या इस्पितळात नेमकी तीच राहून जाते. पहिल्या दिवसांत औषध उपकारापेक्षा त्रास अधिक देते. अंग जड होते, मान आखडते, हात थरथरतात, तोंड कोरडे पडते किंवा लाळ सुटते; काहींना एका जागी क्षणभर बसवत नाही आणि पायांना सारखी चाल लागते. पुढे काहींचे वजन वाढते. विशीच्या आतल्या मुलाला आपले शरीर आपले राहिले नाही असे वाटू लागते आणि तो औषधाला शत्रू मानतो. यातील बऱ्याच त्रासांवर उतारा आहे, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण डॉक्टरांना ते सांगावे लागते, आणि मुलाने सांगितले तर ऐकणारे कोणी असावे लागते.

औषध करते तरी काय, हेही थोडक्यात सांगतो. मेंदूत डोपामीन नावाचे एक द्रव्य असते. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे लक्ष दे, अशी खूण मेंदू त्याच्या साहाय्याने करतो. या आजारात ती खूण नको तेथे पडू लागते, असे आज समजले जाते. पानाची सळसळ, सोबत्याचा कटाक्ष, आपल्याच मनातला विचार, सर्वांनाच भयंकर अर्थ येतो. औषध ही खूण पुसट करते. म्हणून पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत आवाज एकाएकी बंद होत नाहीत. ते आधी दूर जातात, मग त्यांच्याकडे लक्ष द्यावेसे वाटत नाही, आणि कित्येकांचे शेवटी थांबतात. याला आठवडे लागतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून मुलाला उचलून घरी आणणारे पालक घाई करतात ती येथेच.

विजेच्या उपचाराविषयी आपल्या मनात चित्रपटांनी भरवलेली भीती आहे. १९३८ साली रोममध्ये तो सुरू झाला तेव्हा आणि त्यानंतर बरीच वर्षे तो भूल न देता केला जाई, त्यामुळे ती भीती अगदीच निराधार नव्हती. आजचा कायदा भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांवाचून तो करू देत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तो द्यावयाचाच नाही. मनोविकारतज्ज्ञाला तो अटळ वाटलाच, तर पालकाची माहितीपूर्वक संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी ही दोन्ही लागतात.

हा कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला. पुष्कळ पालकांना तो ठाऊक नसतो. अठरा वर्षांखालील मुलाला प्रौढ रुग्णांबरोबर एका कक्षात ठेवता येत नाही. त्याच्याजवळ घरचे, किंवा घरच्यांनी नेमलेले माणूस सर्व काळ राहिले पाहिजे; मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी. मूल दाखल झाल्याची खबर ७२ तासांत मंडळाला द्यावी लागते. रुग्णाचे डोके सक्तीने भादरता येत नाही, इस्पितळाचे कपडे घालण्याची सक्ती करता येत नाही, कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. त्याला पत्र लिहिण्याचा, फोनवर बोलण्याचा, भेटीस आलेल्याला भेटण्याचा किंवा न भेटण्याचाही अधिकार आहे. आणि केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणास्तव कोणालाही इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. कायद्याच्या पुस्तकात असलेले प्रत्येक कलम प्रत्येक कक्षात पाळले जाते असे मी म्हणणार नाही. परंतु ते विचारण्याचा हक्क बापाला आहे, आणि धोतर नेसून आलेल्या शेतकऱ्याने तो नम्रपणे बजावला तर त्यात उद्धटपणा नाही.

पत्राचा हक्क ही तुम्हांला किरकोळ गोष्ट वाटली असेल. तिच्यामागे एक खरी हकीकत आहे. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स नावाचा येल विद्यापीठाचा पदवीधर होता. १९०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने राहत्या घराच्या खिडकीतून उडी टाकली. तो वाचला, मग सुमारे तीन वर्षे त्याने तीन इस्पितळांत काढली. तेथे त्याने मार खाल्ला, हातपाय जखडणारा अंगरखा घालून रात्री काढल्या. या काळात त्याची अशी दृढ समजूत झाली होती, की भेटीस येणारा आपला भाऊ हा भाऊ नसून त्याचे सोंग घेतलेला गुप्त पोलीस आहे. १९०२ साली त्याने स्वतःच एक युक्ती योजली. त्याने भावाला पत्र लिहिले आणि कळवले, की भेटीस येताना हेच पत्र ओळखीची खूण म्हणून घेऊन ये. भाऊ आला, त्याने खिशातून ते पत्र काढले, आणि दोन वर्षांचा भ्रम त्या क्षणी मोडू लागला. पुढे १९०८ साली बीअर्सने आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले आणि त्यातून मानसिक आरोग्याची चळवळच उभी राहिली. त्याच्या आजाराचे रूप निराळे होते आणि प्रत्येकाचा भ्रम पत्राने मोडत नसतो, हे मी जाणतो. तथापि भ्रमात बुडालेल्या त्या तरुणात विचार करणारा, परीक्षा पाहणारा माणूस जिवंत होता, आणि त्याला टपालाचे तिकीट मिळाले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

दुसरी हकीकत न्यूझीलंडची. जॅनेट फ्रेम ही १९४५ साली एकवीस वर्षांची असताना मनोरुग्णालयात गेली आणि पुढील आठेक वर्षे आत-बाहेर करीत राहिली. तिला स्किझोफ्रेनिया आहे असा शिक्का बसला होता. मेंदूतील काही तंतू कापण्याची शस्त्रक्रिया तिच्यावर व्हावयाची ठरली होती. तेवढ्यात तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची वार्ता इस्पितळाच्या प्रमुखाच्या वाचनात आली आणि त्याने शस्त्रक्रिया रद्द केली. नंतर लंडनच्या मॉडस्ली इस्पितळातील डॉक्टरांनी तिला हा आजार कधी नव्हताच असा निर्वाळा दिला. ती मोठी लेखिका झाली. मला मात्र राहून राहून वाटते ते त्या कक्षातील इतर मुलींविषयी, ज्यांना कोणते पारितोषिक मिळाले नव्हते.

आपल्या देशातही मोकळेपणाने बोलणारी माणसे आहेत. पुण्याच्या चित्रकार आणि लेखिका रेश्मा वल्लीअप्पन यांना बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. त्यांच्या जीवनावरील ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ हा अपर्णा सन्याल यांचा माहितीपट २०११ सालचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी प्रेक्षकांना सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट आठवत असेल. त्यातला कोकणातला शेष आणि त्याचे ते रान पाहताना जोयड्याच्या माणसाला आपलेच गाव दिसेल. त्या चित्रपटातील बहीण भावाला सोडून देत नाही, आणि तो शेवटी पूर्वीसारखा होतो असेही दाखवलेले नाही. या संयमाबद्दल मी त्या चित्रपटाला फार मानतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलगा घरी आला. पुढे काय? १९५० नंतरच्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या पुरुषांचा माग ठेवला. त्यांना असे आढळले, की जे आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतले ते भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास गेलेल्यांपेक्षा अधिक संख्येने पुन्हा आजारी पडले. हे कोडे उलगडण्यास पुढील वीस वर्षे लागली. उलगडले ते असे : ज्या घरात येता-जाता टोचून बोलले जाते, राग धरला जातो, किंवा उलट प्रेमापोटी रुग्णाला क्षणभरही नजरेआड होऊ दिले जात नाही, त्या घरात आजार लवकर उलटतो. खोलीचा मालक भाडे मागतो आणि गप्प बसतो. ते गप्प बसणेच अनेकांना मानवले. आपल्याकडे चंदीगड येथे डॉ. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच तपासणी केली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. तेथील कुटुंबांत टोचून बोलणे लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. त्याच्याही आधी जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या पाहणीत आग्र्याच्या रुग्णांची प्रकृती युरोपातील रुग्णांपेक्षा चांगली राहिलेली दिसली होती. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि आपल्या कुटुंबसंस्थेची पाठ थोपटण्याइतके ते पक्के नाहीत. पण एवढे खरे, की आजाऱ्याला घरात ठेवून घेण्याची आपली जुनी रीत हे भांडवल आहे, आणि काही डॉक्टरांनी ते ओळखले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथेच राहावयास बोलावले. आई-बाप रात्रंदिवस मुलाजवळ राहिले, आजार म्हणजे काय ते शिकले, आणि बरे वाटलेल्या मुलाला स्वतःच घेऊन गेले. वेल्लोरलाही हीच पद्धत रुजली.

घरी कसे वागावे याचे सर्वांत चांगले उत्तर मला कोणा डॉक्टराच्या पुस्तकात सापडलेले नाही. ते पॅट्रिशिया डीगन या अमेरिकन बाईंच्या आठवणींत सापडले. सतराव्या वर्षी त्यांना इस्पितळात नेले गेले. स्किझोफ्रेनिया आहे, आयुष्यभर औषध घ्यावे लागेल, फार अपेक्षा ठेवू नये, असे त्यांना सांगण्यात आले. घरी आल्यावर त्या महिनेच्या महिने एका खुर्चीत सिगरेट ओढीत बसून असत. त्यांची आजी रोज एकदा खोलीत येई आणि विचारी, ‘बाजाराला येतेस का माझ्याबरोबर?’ नात ‘नाही’ म्हणे. आजी निघून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, पुन्हा एकदाच विचारी. आग्रह नाही, उपदेश नाही, तोंड वाकडे करणे नाही. दिवसातून एकदाच विचारल्यामुळे ते खरोखरीचे बोलावणे वाटे, असे डीगन सांगतात. कित्येक महिन्यांनी एके दिवशी त्या ‘हो’ म्हणाल्या. दुकानात गेल्यावर त्यांनी फक्त सामानाची गाडी ढकलली. दुसरे काही जमले नाही. तेवढ्यापासून आपले बरे होणे सुरू झाले असे त्या मानतात. पुढे त्या मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्याच क्षेत्रात काम करू लागल्या.

कुंभारवाड्यात दुकानाची गाडी नाही. पण शेत आहे, कंदांचा मळा आहे, गोठा आहे, पाणवठा आहे. ‘येतोस का रे, मळ्याकडे जाऊन येऊ?’ एवढे विचारावयाचे, दिवसातून एकदा, आणि ‘नाही’ म्हटले तर वाईट वाटून न घेता आपल्या वाटेने जावयाचे. आपल्या घरांत नेमके याच्या उलट घडते. दोन टोके दिसतात : एक तर मुलाला कशातच धरीत नाहीत, त्याच्यासमक्ष त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलतात, नाही तर दिवसभर त्याच्यामागे लागतात, ‘ऊठ, अंघोळ कर, अभ्यास कर, आता तर बरा झालास ना?’ पाहुणा आला तर तोही मुलाची विचारपूस आईपाशी करतो. मुलगा शेजारी बसलेला असतो. त्याला मराठी येते, कन्नड येते, परंतु त्याला कोणी विचारीत नाही.

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक संकट ओढवते. आजार लपवावयाचा, आणि लवकर लग्न उरकून टाकावयाचे. ‘संसाराला लागली की ठीक होईल’ हे वाक्य मोठी शहाणी माणसेही बोलतात. ठीक होत नाही. नव्या घरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात, आजार उलटतो, आणि मुलगी फसवणुकीचा कलंक घेऊन माहेरी येते. मुलाच्या बाबतीतही हा औषधी विवाह केला जातो, आणि तेव्हा भोगावे लागते ते एका तिसऱ्याच घरच्या मुलीला. मला याविषयी सौम्य बोलता येत नाही. लग्न करावयास आजार आड येतोच असे नाही. लपवणे मात्र आड येते.

सर्वच जण पूर्ण बरे होतात असे म्हणणे खोटे ठरेल. काहींना पहिला झटका येतो तो शेवटचाच. काहींना अधूनमधून पुन्हा दाखल व्हावे लागते. काहींचे आवाज मंदपणे सोबत राहतात आणि त्यांच्यासकट ती माणसे नोकऱ्या करतात, संसार करतात. पहिल्या झटक्यानंतर वर्ष-दोन वर्षे तरी औषध चालू ठेवावे असा वैद्यकाचा सल्ला असतो, आणि बरे वाटू लागताच ते सोडून देणे हे पुन्हा आजारी पडण्याचे सर्वांत मोठे कारण होय. इस्पितळातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे जिवाला जपण्याचे असतात. मुलगा मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर ते नाटक समजू नये. असा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे ते दडवतात. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार मिळावा असे ठरवले आहे, तेव्हा ती भीती धरण्याचे कारण नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू केली आहे. १४४१६ हा क्रमांक लावला की रात्री-बेरात्रीही, पैसे न पडता, प्रशिक्षित माणसाशी आपली भाषा निवडून बोलता येते. डोंगरावर चढून मोबाइलची एक-दोन दांडी मिळाली तरी ते काम भागते.

भाषेवरून आठवले. धारवाडचा डॉक्टर बहुधा कन्नडमध्ये बोलणार. मुलगा कन्नड शाळेत शिकलेला असला तरी मनात भीती उठते ती आईच्या बोलीत. आवाज काय म्हणतात, हे त्याला कोंकणीत किंवा मराठीतच सांगता येईल. म्हणून सोबत असे कोणी न्यावे की ज्याला दोन्ही भाषा येतात आणि ज्याच्यासमोर मुलाला लाज वाटणार नाही. बापच असे माणूस असेल असे नाही. कधी मोठा भाऊ, कधी शाळेतले गुरुजी, कधी आशा कार्यकर्ती.

आणि तारखांचे. इस्पितळातून निघताना हातात एक कागद मिळतो. त्यावर औषधांची नावे आणि पुढील भेटीचा दिवस असतो. तो दिवस आषाढात, ऐन लावणीत येतो. धारवाडला जाऊन यावयाचे म्हणजे शेताचा दिवस बुडणार, वर पाऊस, म्हणून भेट पुढे ढकलली जाते आणि तोवर गोळ्या संपतात. हे अगोदरच डॉक्टरांना सांगावे आणि पावसाळ्यापुरत्या जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारून घ्यावे. कर्नाटक शासनाने ‘मनोचैतन्य’ या नावाने तालुका रुग्णालयांत ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ पाठवण्याची योजना आखली आहे. तेव्हा जोयड्याच्या रुग्णालयात तो वार कोणता आणि तेथे हीच औषधे मिळतात का, याची चौकशी जाता-येता करून ठेवावी. तो कागद बापाच्या खिशात घडी घालून ठेवण्यापूर्वी मुलाला एकदा वाचून दाखवावा, कोणती गोळी कशासाठी आहे ते त्याला ठाऊक असावे. आणि डॉक्टरांनी जपून ठेवण्यास सांगितले नसेल, तर गोळ्यांची पुडी घरच्यांच्या कुलपात न ठेवता त्याच्याच पेटीत, त्याच्या वह्यांशेजारी राहू द्यावी.